बेसिनची दोन बुचे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की स्त्रीशिक्षण, संतवाङ्मय, बालसंगोपन, फार तर आहारशास्त्र असे विषय घेण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्या पंगतीत मी ‘तुंबलेले बेसिन’ हे पान मांडणार आहे असे कळल्यावर आपल्या चिटणीसबाई क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, “अहो, आमचेही बेसिन गेले आठ दिवस पाणी ओढत नाही!” तेव्हा विषय मंजूर झाला असे मी धरून चालले. चोवीस वर्षे शाळेत मुलींना विज्ञान शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे घरातली मोरी घासली, एवढाच काय तो या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार.

आपल्यापैकी पुष्कळजणींचे बालपण मोरीच्या घरात गेले आहे. शहाबादी फरशी, बाजूने वीतभर उंच कठडा, कोपऱ्यात तांब्याचा बंब आणि भिंतीच्या बुडाशी एक भोक. त्या भोकातून पाणी बाहेर पडले की परसातल्या अळूच्या नाहीतर केळीच्या मुळाशी जाई. मोरी तुंबली तर खराट्याची एक काडी पुरे होत असे. आणि पाणी कुठे जाते हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे, कारण ते डोळ्यांसमोर जाई. फ्लॅटमध्ये आल्यावर मोरीचे बाथरूम झाले, भिंतीवर पांढरेशुभ्र बेसिन आले आणि पाण्याची वाट मात्र भिंतीआड गेली. जे दिसत नाही त्याची भीती वाटू लागते. म्हणून बेसिन तुंबले की आपण एकतर प्लंबरची वाट पाहतो, नाहीतर बाटलीतले काहीतरी जळजळीत औषध ओतून मोकळ्या होतो. या दुसऱ्या सवयीसाठीच मी मुद्दाम आज उभी आहे. पण तिकडे क्रमाने जाऊ.

बेसिनला बुचे दोन असतात, हे आधी ध्यानात घ्या. पहिले आपल्याला दिसते. जुन्या बेसिनला साखळीला बांधलेले रबरी बूच असे; आता बहुतेक घरांत दाबले की बंद होणारे आणि पुन्हा दाबले की वर येणारे चकचकीत धातूचे बूच असते. काही बेसिनांना नुसती जाळीच असते. हे बूच पाणी अडवण्यासाठी. दुसरे बूच दिसत नाही आणि ते धातूचेही नाही, ते पाण्याचे आहे! बेसिनखाली बाटलीच्या आकाराचे जे भांडे लोंबत असते, ज्याला प्लंबर ‘बॉटल ट्रॅप’ म्हणतात, त्यात दोन-तीन इंच पाणी नेहमी साचलेले राहते. कुठे बाटलीऐवजी नळीलाच वाकण दिलेले असते, पण काम तेच. वरून येणारे पाणी त्यातून पुढे निघून जाते. मात्र गटारातली घाण हवा आणि झुरळे यांना त्या पाण्यातून उलट वर येता येत नाही. म्हणजे पहिले बूच आपण लावतो तेव्हाच लागते, आणि दुसरे रात्रंदिवस लागलेलेच असते.

ही युक्ती जुनी आहे. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या एका घड्याळजीने शौचकूपाच्या नळीला वाकण देऊन त्यात पाणी अडवून ठेवण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. आज जगभर घरोघरी तेच तत्त्व चालते आहे. आणि एक गंमत सांगते. आपल्याकडच्या इमारतबांधणीच्या इंग्रजी पुस्तकांत बाथरूमच्या जमिनीत बसवलेल्या अशाच भांड्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीघरातला शब्द इंजिनियरांच्या पुस्तकात जाऊन बसला, आणि आपण मात्र त्या भांड्याचे झाकण उचलून आत पाहत नाही.

आता, तुंबते कशाने? पहिला मान केसांचा. पूर्वी बायका वेणी घालायला ओसरीवर नाहीतर खिडकीशी बसत. निघालेले गुंतवळ बोटाला गुंडाळून भिंतीच्या फटीत ठेवले जाई आणि ते घेऊन सुया, बिब्बे नाहीतर एखादे भांडे देणारी बाई दारावर येई. त्या गुंतवळाची गंगावने होत. केसाला मोल होते म्हणून तो मोरीत जात नव्हता. आता आरसा बेसिनवर टांगलेला, म्हणून केस विंचरायचे बेसिनवर, आणि गळालेले केस खाली. पुरुषमाणसांच्या दाढीचे बारीक केस असतात ते वेगळेच. केस एकटा असला तर निघून जातो. पण बुचाच्या दांड्याला एक अडकला की तो दुसऱ्याला धरतो आणि दोघे मिळून पुढच्याला.

दुसरा मान साबणाचा. ज्यांच्याकडे बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते त्यांनी नीट ऐकावे. जड पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी मिळाला की फेस न होता पांढरट, चिकट साका बनतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. केसांचे जाळे झाले विणकाम, आणि हा साका म्हणजे त्यावरचे लिंपण. त्यात खोबरेल तेलाची भर. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते. थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते हे आपल्याला माहीत आहे. पण तेलकट हात धुतल्यावर तेच तेल नळीतही थिजते, हे मनात येत नाही. डिसेंबर-जानेवारीत बेसिन अधिक का रेंगाळते याचे एक कारण हे.

आणि तिसरे, आपल्या घरांतले खास. पुष्कळ घरांत जेवणघराला लागूनच बेसिन असते आणि सगळे तिथेच आंचवतात. ताटातली शिते, कढीपत्त्याचे पान, फोडणीची मोहरी, लिंबाची बी ही सगळी मंडळी तिथूनच उतरतात. दिवाळीत उटणे आणि रांगोळीचे हात. उटण्याचा भरड चोथा आणि रांगोळीची पूड पाण्यात विरत नाही, तळाशी बसते. सणाच्या दिवसांत हात आधी जुन्या कापडाला पुसावेत आणि मग नळाखाली धरावेत. एवढ्याने निम्मे काम वाचते.

तुंबलेल्या बेसिनचे मूळ कुठे आहे हे आधी ओळखावे, नाहीतर मेहनत फुकट जाते. बेसिनमध्ये पाणी साचते पण बाथरूमच्या जमिनीवरचे पाणी नीट वाहते, तर दोष बुचात नाहीतर खालच्या बाटलीत आहे. तो आपल्या हातचा. बेसिन रिकामे होताना जमिनीच्या जाळीतून पाणी वर येते, तर अडथळा पुढच्या नळात आहे. तिथे आपण झुंजू नये, सोसायटीला कळवावे. आणि पाणी चांगले जाते पण वास येतो, तर आणखी निराळे, त्याचेही सांगते.

पहिले बूच कसे काढायचे? दाबाचे बूच असेल तर ते दाबून वर येऊ द्या. आता वरची टोपी चिमटीत धरून घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. कोरड्या फडक्याने धरले म्हणजे बोटे घसरत नाहीत. काही प्रकारांत नुसती टोपी निघते, काहींत आतल्या स्प्रिंगच्या कांडीसकट सगळे बाहेर येते, आणि काही बुचे नुसती सरळ वर ओढली की निघतात. जोर लावून पिळू नका. हलके फिरवून पाहिले की कोणता प्रकार आहे ते कळते. पितळी बूच पक्के धरून बसले असेल तर थोडे कोमट पाणी घालून पाच मिनिटे थांबा. बूच बाहेर आले की त्याच्या मानेला जे लोंबत असेल त्याचे वर्णन मी चहापानाआधी करत नाही! फक्त एक सांगते, ते नळात ढकलायचे नाही. जुन्या वर्तमानपत्रावर काढून, गुंडाळून केरात टाकायचे.

बुचाला रबरी वायसर असतो. तो बोटाने चाचपून पाहा. चिरलेला किंवा ताठरलेला असेल तर बेसिनमध्ये पाणी ठरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात तो सुटा मिळतो. नुसते माप सांगू नका, जुना घेऊन जा. बूच आणि जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशाने आणि भांडी घासायच्या साबणाने धुवा. पांढरे क्षार बसले असतील तर लिंबाची फोड घासून पंधरा मिनिटांनी धुवा. तारेची घासणी मात्र लावू नका. वरचा मुलामा पातळ असतो. तो खरवडला की खालचे पितळ हिरवे पडते आणि मग कितीही घासा, नवे दिसत नाही.

बूच काढल्यावर तोंडातून खाली पाहा, बॅटरी लावून पाहा. तिथे एक आडवी चौकट दिसेल, तिच्यावरच केसांची मोळी बसलेली असते. ती ओढायला आपल्या मंडळाइतके योग्य हत्यार दुसरीकडे नाही! शिवणवर्गात निवृत्त झालेल्या लोखंडी क्रोशाच्या सुया आहेत ना, त्यातली एक या कामाला राखून ठेवा. ती पोहोचली नाही तर हातभर तारेचे टोक क्रोशासारखे वाकवा. आकडा खाली सोडायचा, दोन वेढे फिरवायचा आणि हळू ओढायचा. खालून पुढे ढकलण्यापेक्षा वरून बाहेर काढणे केव्हाही चांगले.

बेसिनच्या काठाखाली एक लहानसे भोक असते. नळ चालू राहिला तर जास्तीचे पाणी त्यातून निघून जावे म्हणून ते ठेवलेले. तिथून बेसिनच्या आतल्या पोकळीतून एक वाट थेट बुचाच्या बाजूच्या फटींशी येते. ही वाट कधीच धुतली जात नाही. बूच, जाळी, बाटली सगळे लखलखीत आणि वास जात नाही, असे झाले तर चोर तिथे आहे असे समजा. लहान मुलाची दुधाची बाटली घासण्याचा ब्रश, अर्थात निकामी झालेला, साबणाच्या पाण्यात बुडवून त्या भोकातून फिरवा आणि वरून दोन तांबे पाणी ओता. रबरी पंप मारायचा असेल तेव्हाही हेच भोक आधी ओल्या फडक्याने दाबून धरावे लागते. नाहीतर सगळा जोर तिथून निसटतो आणि पाणी आपल्याच तोंडावर येते.

आता दुसरे बूच. हा पाहा माझ्या हातात एक जुना बॉटल ट्रॅप. एका हाताने वरची नळी धरायची म्हणजे जोड हलत नाही, आणि दुसऱ्या हाताने ही खालची वाटी फिरवायची. खालून वर पाहत घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवली की सुटते. फिरवण्याआधी खाली बादली ठेवायची, कारण तीत दोन-तीन इंच पाणी आहे हे आत्ताच सांगितले. प्लॅस्टिकची वाटी हातानेच निघते. जुनी पितळी असेल तर फडके गुंडाळून पाना लावावा, म्हणजे चरे पडत नाहीत. वाटीत काय काय सापडते! कानातल्याची फिरकी, नथीचा मोती, शर्टाचे बटण. सोन्याची वस्तू बेसिनमध्ये पडली तर पहिली गोष्ट नळ बंद करणे, आणि दुसरी ही वाटी उघडणे. वाटी म्हणजे जड वस्तूंची तिजोरीच असते; पाण्याचा जोर न लावला तर वस्तू तिथेच थांबलेली मिळते.

एक सूचना हसत हसत देते, पण गंभीरपणे घ्या. वाटी काढली, बादलीत घाण पाणी आले, आणि सवयीने ती बादली त्याच बेसिनमध्ये उपडी केली, असे पुष्कळजणींच्या घरी घडले आहे. मग पाणी कुठे जाते ते पायांना कळते! बादली दुसरीकडे रिकामी करायची आणि वाटी परत बसेपर्यंत नळाच्या डोक्यावर एखादे फडके बांधून ठेवायचे, म्हणजे घरातले दुसरे कोणी येऊन हात धुणार नाही.

वाटी साबणाच्या पाण्याने धुवा, वायसर आपल्या खाचेत सपाट बसला आहे हे पाहा, आणि हाताने बेताचे घट्ट करा. फार आवळले की प्लॅस्टिकचे आटे तुटतात. मग बेसिन भरून एकदम सोडा आणि जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा धरा. एक थेंब गळत असला तरी कागद सांगतो. महिन्यातून एकदा बूच आणि सहा महिन्यांतून एकदा वाटी, एवढे केले तर बेसिन तुंबण्याची वेळच सहसा येत नाही. मधल्या काळात तेलकटपणा घालवायला हाताला सोसेल त्याहून थोडे अधिक गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब पुरतात. उकळते पाणी ओतू नका. खालच्या नळ्या प्लॅस्टिकच्या असतात, त्या मऊ पडून जोड ढिले होतात.

आता त्या जळजळीत बाटल्यांकडे येते.

सध्या घरोघरी एक घरगुती उपाय फिरतो, खायचा सोडा टाकून वर व्हिनेगर ओतायचे. फेस छान येतो. पण भगिनींनो, सोडा अल्क आणि व्हिनेगर आम्ल. दोघे भेटले की एकमेकांना संपवतात आणि उरते क्षाराचे पाणी. फेस म्हणजे निसटून जाणारा वायू. त्याने केसांची मोळी हलत नाही. हा उपाय निरुपद्रवी आहे, डोळ्यांना बरे वाटते, त्याबद्दल माझे भांडण नाही.

माझे भांडण अ‍ॅसिडशी आहे. शौचकूप घासायचे अ‍ॅसिड बेसिनमध्ये ओतले की तुंबलेले मोकळे होते, असा समज घट्ट बसला आहे. अ‍ॅसिड चुन्याचे डाग घालवते हे खरे. पण केस त्याने विरघळत नाही, आणि साबणाच्या साक्यावर ते पडले की त्यातली चरबी सुटी होऊन तेलकट थरच बनतो. म्हणजे जे काढायचे ते राहते. जाते काय? बुचाचा मुलामा जातो, फरशांच्या जोडांतले सिमेंट जाते, आणि खाली शहाबादी किंवा कोट्याची फरशी असेल तर तिच्यावर फेस येऊन ती खडबडीत होते, कारण हे दोन्ही दगड चुनखडीचेच. कॉस्टिक सोड्याची पूड केस विरवते, हे मी लपवणार नाही. पण ती पाण्यात पडताच अतिशय तापते, अर्धवट विरघळली तर नळीतच दगडासारखी बसते, आणि तिचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. जे काम क्रोशाची सुई करते त्यासाठी मी ती पूड घरात ठेवत नाही.

आणि ही औषधे एकावर एक ओतणे म्हणजे आगीशी खेळ. अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर पडली, किंवा कपड्यांचे ब्लीच पडले, तर क्लोरीन वायू सुटतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने हाच वायू सोडला होता. तोच वायू आपण दार लावलेल्या, हातभर झरोक्याच्या बाथरूममध्ये तयार करतो! क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून तो जमिनीलगत साचतो. आपल्याकडे फरशी घासायला बाई उकिडवी बसते. तिचे नाक नेमके त्या थरात असते. उभ्या माणसाला नुसता उग्र वास येतो, आणि खाली बसलेलीचा श्वास कोंडतो.

आमच्या शेजारच्या इमारतीत असेच घडले. घरच्या बाईंनी सकाळी तुंबलेल्या बेसिनमध्ये अ‍ॅसिड ओतून ठेवले आणि त्या कामावर गेल्या. दहा वाजता मोलकरीण आली. तिला कुणी काही सांगितले नव्हते. तिने रोजच्याप्रमाणे ब्लीच टाकून घासायला घेतले. ती खोकत बाहेर आली, जिन्यातच बसली, आणि तिला दोन दिवस रुग्णालयात प्राणवायूवर ठेवावे लागले. ती बरी झाली. पण ती म्हणाली ते माझ्या मनातून जात नाही. म्हणाली, “बाई, मला वाटलं आज माझ्याच हाताला काही चुकलं.”

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विकणाऱ्याने नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याची ओळख पाहावी, अठरा वर्षांखालच्या कुणाला देऊ नये. ते निर्बंध आले अ‍ॅसिड फेकून स्त्रियांचे चेहरे विद्रूप करणाऱ्यांमुळे. ज्या वस्तूपासून स्त्रीला वाचवण्यासाठी न्यायालयाला हुकूम काढावा लागला, ती वस्तू आपण घरकामाच्या बाईच्या हातात मोजे नसताना देतो आणि दार ओढून घेतो. हे मला मंडळाच्या व्यासपीठावरून बोलायचे होते, कारण आपल्याकडे बहुतेकजणींच्या घरी कामाला बाई येते.

कधी असा प्रसंग आलाच तर करायचे काय, तेही ऐका. वास भपकन आला की आधी बाहेर पडायचे. बाटली उचलायला, नळ बंद करायला थांबायचे नाही. दारे-खिडक्या उघडायच्या, मोकळ्या हवेत बसायचे, खोकला किंवा धाप थांबली नाही तर लगेच डॉक्टर गाठायचा. अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धरायचे. लिंबू, सोडा, हळद, काही लावायचे नाही. आणि बेसिनमध्ये आधी कुणी औषध ओतले असेल तर वाटी उघडू नका, पंप मारू नका; प्लंबर आला तर त्याला पहिल्यांदा तेच सांगा. त्याचेही डोळे डोळेच आहेत.

अजून पाण्याच्या बुचाबद्दल एक राहिले. हे बूच सुकते. मे महिन्यात आपण घराला कुलूप लावून गावी जातो. तीन-चार आठवड्यांनी परत येतो तो घरात कोंदट, कुबट वास आणि झुरळे. ट्रॅपमधले पाणी उडून गेलेले असते आणि गटाराचे दार सताड उघडे पडलेले असते. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, एरवी कुणी न वापरणाऱ्या बाथरूममध्ये तर हे बारा महिने चालते. केवळ वास असता तरी सोसले असते. पण २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स नावाच्या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची साथ पसरली. तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले आणि ४२ दगावले. चौकशीत एक महत्त्वाचे कारण असे पुढे आले की बऱ्याच बाथरूमांच्या जमिनीतले ट्रॅप सुकून गेले होते. तिथल्या लोकांनी जमीन पाण्याने धुणे सोडून पुसायला सुरुवात केली होती, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणी जातच नव्हते. हवा बाहेर फेकणारे पंखे लावले की नळातले दूषित तुषार त्या सुक्या वाटेने घरात ओढले जात. आपण स्वच्छता म्हणून कोरडे बाथरूम ठेवू लागलो आहोत, म्हणून हे विशेष सांगते. कोरडे ठेवा, जरूर ठेवा, पण आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. गावाला जाताना पाणी ओतून वर चमचाभर खाण्याचे तेल सोडा. तेलाची साय धरली की पाणी लवकर उडत नाही. बेसिनची पांढरी लवचीक नळी नुसती जमिनीच्या भोकात सोडलेली असेल आणि बाटली किंवा वाकण कुठेच नसेल, तर प्लंबरला विचारा की पाण्याचे बूच कुठे आहे. त्याला ते दाखवता आले पाहिजे.

कुणी म्हणेल, एवढे सगळे आपण हाताने करायचे, ते आपले काम आहे का? आमच्या घरी हा प्रश्न निघाला तेव्हा मी आमच्या चिरंजीवांना बेसिनखाली बसवले आणि वाटी उघडायला लावली. दाढीचे केस त्यांचेच होते. पण प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. आपण जे आकड्याने वर काढत नाही ते खाली जाते. खालून ते इमारतीच्या चेंबरमध्ये जाते, आणि चेंबर तुंबले की झाकण उघडून कुणाला तरी हात घालावा लागतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवून धोक्याची सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतोच. त्या माणसाला आपण ओळखत नाही. तो आपल्याला ओळखत नाही, आपले केस मात्र ओळखतो. सोसायटीच्या सभेत चेंबरची सफाई निघेल तेव्हा यंत्राने करा, माणूस उतरवू नका, हे बोलायला आपल्यातली एक तरी उठली पाहिजे. सभेत बहुधा पुरुषच बोलतात आणि बिल कमी येईल तो ठेकेदार मंजूर करतात.

वेळ झाल्याची चिठ्ठी अध्यक्षबाईंनी पाठवली आहे. टेबलावर दोन प्रकारची बुचे, हा बॉटल ट्रॅप, वेगवेगळ्या मापाचे वायसर आणि वाकवलेली तार ठेवली आहे. चहा होईपर्यंत ज्यांना उघडून, पुन्हा जोडून पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे. वाटीत मी घरूनच थोडे पाणी घालून आणले आहे, तेव्हा बादली खाली सरकवल्याशिवाय फिरवू नका. हात धुवायचा साबण खिडकीत ठेवला आहे.